फावड्याविना भुसभुशीत

भूमी ही माता आहे आणि मातेच्या पोटात कुणी फावडं खुपसत नाही, असं एकहार्ट विसनरने बागसंघाच्या सभेत उभं राहून सांगितलं, तेव्हा सभासदांनी गंभीरपणे माना डोलावल्या. त्याच्या बायकोला, रोस्विथाला, त्याचा तो सूर ओळखीचा होता. घरात काही जड उचलायचं असलं की एकहार्टला असंच उदात्त काहीतरी सुचायचं.

लाइपझिगमध्ये संघ सभासदांना जमिनीचे तुकडे बागेसाठी भाड्याने देई, आणि नियम एकच: तुकड्याच्या एक तृतीयांश हिश्शात खाण्याजोगं पिकलं पाहिजे. एकहार्टच्या त्या हिश्शावर आधीच्या भाडेकरूने वर्षानुवर्षं कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, उभं केलं होतं. तिथे पाऊस पडला तर पाणी आत जाऊ की नको, असा विचार करत वरच थांबायचं. उन्हाळ्याच्या पाहणीत संघाचे अध्यक्ष क्रुमबीगल यांनी तिथे छत्री रोवून पाहिली. टोक वाकलं. वसंतातल्या पाहणीला छत्री आत गेली नाही, तर बाग प्रतीक्षायादीतल्या पुढच्या कुटुंबाला देऊ, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

रोस्विथाचा जीव बागेत नव्हता. पण बाग गेली तर निवृत्त भूगोलशिक्षक दिवसभर घरात बसणार होता, आणि जेवणाच्या टेबलावर खंडांच्या हालचाली ऐकण्याची तिची उमेद संपली होती.

एकहार्टने लांब पांढरे मुळे पेरले. मुळा जमिनीत घुसतो, थंडीत जागीच कुजतो, त्याच्या भोकांतून पाणी उतरतं, गांडुळं येतात, मातीचं लोणी होतं. खणायचं नाही, उपटायचं नाही. मुळे खरंच वीतभर डोकं वर काढून उभे राहिले. मग ऑक्टोबरात एकहार्ट विमा कंपनीच्या खर्चाने, गुडघ्यांच्या उपचारासाठी, गरम झऱ्यांच्या गावी गेला. जाताना बजावून गेला, "रोस्विथा, एकालाही हात लावू द्यायचा नाही."

दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडच्या पेट्झोल्डबाईंनी कोशिंबिरीसाठी एक मुळा मागितला. तयार भाजी जमिनीत सडू द्यायची ही कल्पना त्यांच्या पिढीला सहन होणारी नव्हती. एकाने काय होतंय, असं म्हणून रोस्विथाने होकार दिला. पेट्झोल्डबाईंनी ओढलं. पाला हातात आला, मुळा जागचा हलला नाही.

त्यांनी नवऱ्याला बोलावलं. त्याने खुरपं आणलं, मग कुदळ. शेजारचा लोसेमान नुसता बघायला आला आणि म्हणाला, "पेट्झोल्ड, मुळा काढतोयस की दात?" मग त्याला स्वतःला काढून दाखवावं लागलं. त्यालाही जमलं नाही. आता ही गोष्ट कोशिंबिरीची राहिली नव्हती, इभ्रतीची झाली होती.

शनिवारी संघाच्या सक्तीच्या श्रमदानाला सगळे सभासद ओढा साफ करायला जमले. ओढ्याकडे कुणी गेलंच नाही. मुळ्यांभोवती माणसं कंबरेत वाकून खणत होती, पेट्झोल्डबाई सॉसेज भाजत होत्या, आणि अध्यक्ष क्रुमबीगल कोट काढून कुदळ चालवत होते. संध्याकाळी शेवटचा मुळा निघाला. सगळ्यांनी टोप्या उडवल्या. मग खाली बघितलं. तुकडा गुडघाभर खोल उलथापालथा झाला होता.

"हे त्याने पाहिलं तर त्याचं काळीज फाटेल," रोस्विथा म्हणाली. आणि मग तो घरात बसेल, हे ती बोलली नाही.

सगळे कामाला लागले. ढेकळं सारखी केली, तबेल्यातून घोड्याची लीद आणली, वर पालापाचोळा पसरला. शेवटी मुळ्यांचे शेंडे कापून ओळीने पुन्हा जमिनीत खोचले. एकहार्ट परतला तेव्हा शेंडे मलूल झाले होते. तो समाधानाने म्हणाला, "बघ, कुजायला लागले."

हिवाळ्याने उरलेली ढेकळं फोडली. वसंतात क्रुमबीगलांनी नवी छत्री रोवली. ती मुठीपर्यंत आत गेली. अध्यक्ष स्वतःही तोल जाऊन पुढे झुकले. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण श्रमदानाच्या दिवशी ओढा साफ झाला, असं त्यांनीच सभेत जाहीर केलेलं असल्यामुळे त्यांनी तोंड मिटून एकहार्टचा हात दाबला.

त्या संध्याकाळी एकहार्टने 'निसर्गाला निसर्गाचं काम करू द्या' या विषयावर भाषण दिलं. टाळ्या थांबेनात. सर्वांत जोरात लोसेमान वाजवत होता. रोस्विथाला वाटलं, आता हा माणूस जन्मभर बागेत राहील, आणि तिचेही डोळे भरून आले.

तेवढ्यात क्रुमबीगल उठले. गाड्या उभ्या राहून दगड झालेला संघाचा सामाईक तुकडा, विसनरांच्या पद्धतीने सुधारण्यासाठी, सन्मानपूर्वक विसनरांकडेच देण्यात येत आहे, असं त्यांनी जाहीर केलं. एकहार्टने तो तिथेच स्वीकारला.

सोमवारी रोस्विथाने विमा कंपनीला फोन करून विचारलं, नवऱ्याचे गुडघे पुन्हा दुखतायत, येत्या ऑक्टोबरात त्याला पाठवता येईल का. पलीकडची बाई सौम्यपणे म्हणाली, हा उपचार चार वर्षांतून एकदाच मिळतो.