तुंगेचे कडे आणि चुंबकाचा बोगदा

श्रीगजवदन प्रसन्न असोत, आणि ऐकणाऱ्या बाळांचे हातपाय सदा धड असोत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमीचे वर्तमान. बाळांनो, डोळे मिटा आणि मनात आणा, की एक राज्य आहे, त्यात मल्लखांबाची तालीम आहे, आणि तुमच्याच वयाची तुंगा खांबाच्या टोकावरल्या बोंडावरून खांद्यावर पडली आहे. मग राजवैद्यांनी एक्स-रे काढविला, तो हाड साबूत निघाले, आणि तरी तुंगा हात वर नेताच गळ्याखालचे आडवे हाड धरून बसे. तेव्हा वस्ताद हैबतराव बोलिले, "हाड धड आहे. आता भ्यालीस म्हण. रविवारी चढ, नाहीतर कडे ठेवून घरी जा." कडे म्हणजे काय, तर तालमीत येणाऱ्याच्या मनगटी वस्ताद लोखंडाचे कडे चढवीत, आणि जो ते उतरवी त्याची तालीम सुटली, ऐसा दंडक. तुंगा म्हणाली, "वस्ताद, मी खोटे बोलत नाही."

मग राजवैद्य म्हणाले, "एक्स-रेत हाड दिसते. हाडे बांधणाऱ्या दोऱ्या पाहायच्या तर एमआरआय." आणि पोरीची लबाडी उघडी पडेल म्हणून वस्तादही संगे निघाले, आणि दालनाच्या दारी यंत्र चालविणाऱ्या सरूबाई आडव्या झाल्या.

"कडे उतरव बाळ. आत थोर चुंबक आहे, हातासकट ओढील."

"उतरवले तर तालीम सुटते, बाई."

"मग चित्र नाही."

तेव्हा वस्ताद पुढे झाले, आणि स्वहस्ते कडे उतरविते झाले. "मी काढले, तू नाही. जा आत."

मग तुंगा बोगद्यात निजली, आणि नगारखाना डोईवर कोसळावा तैसा ठोकठोक गजर जाहला, आणि हलले की चित्र पुसट, ऐसी ताकीद होती. तुंगेने खांबावरचे आसन धरावे तैसे अंग धरिले, आणि दीड घटका रेसभर हलली नाही. आणि चित्र ऐसे लख्ख उमटले, की छातीच्या हाडास गळ्याचे हाड बांधणारी दोरी अर्धी फाटलेली दिसली. शस्त्रक्रिया नको, हात झोळीत, मग व्यायाम, आणि तीन महिन्यांनी खांब, ऐसा राजवैद्यांचा निवाडा.

मग वस्ताद भर तालमीत बोलिले, "पोर खरी होती. मी चुकलो. यापुढे दुखते म्हणेल त्यास आधी वैद्य, मग खांब." आणि तालमीत जयघोष जाहला.

एवंच, सुरी न लावता आतले सत्य बाहेर आले, आणि पोरीच्या शब्दास मान मिळाला. मग वस्तादांनी कडे पुढे केले. तुंगेने ते घेतले नाही, धड हाताने वर बोट दाखविले आणि म्हणाली, "बोंडावर ठेवा, वस्ताद. मी येऊन घेते."