नाव न घेता मेलेला वीर

त्या वीराला माझ्याइतकं ओळखणारं माणूस अख्ख्या बोरी गावात शोधून दाखवा! काळा घोडा, लाल मुंडासं, मिशीला पीळ! लहानपणी दादा त्याच्या जुन्या कादंबऱ्या मोठ्यानं वाचायचा अन् मी भाकरी विसरून ऐकायचे. शाळा दुसरीतच सुटली, वीर सुटला न्हाई. पुढं त्याच नावाचं स्थळ आलं. मी डोळे झाकून हो म्हणले. उघडले तर समोर आमचे हे! पाल दिसली की खाटेवर चढणारे!

अन् लग्न झालं तसं वीराचं नावही तोंडातून गेलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई म्हणजे न्हाई. इथंबी लिहिणार न्हाई, उगं वाट बघू नका.

परवा दादाचा पोरगा नागेश पुण्याहून आला. चित्रं काढतो. म्हणला, "आत्या, तुझ्या वीराला परत जिता करायलोय! नव्या जमान्याचं कॉमिक! गोष्टी सांग."

सांगितल्या. वर दम दिला, "मिशीला हात लावशील तर याद राख!"

पुस्तक आलं त्या दिवशी हे जिंतूरच्या बाजाराला गेलेले. वरच नाव, भोपळ्याएवढ्या अक्षरात! त्यावर कागदाची पट्टी चिकटवली अन् मी ओसरीवर वाचायला बसले. पहिल्याच पानावर मिशी गायब! मुंडासं गायब! अंगात सापाच्या कातीसारखे चिकट कपडे! घोड्याच्या जागी फटफटी! तरी गिळलं. पण शेवटच्या पानावर छातीत गोळी, डोळे मिटलेले, खलास!

मी अशी किंकाळी फोडली की शेजारची भागुबाई हातातल्या लाटण्यासकट पळत आली.

"काय झालं गं कडूबाई?"

"मारलं गं मेल्यानं! गोळी घातली!"

"कोनाला?"

"ज्यांचं नाव मी घेत न्हाई, त्यांना!"

"अगं बाई! कुठं?"

"छातीत!"

भागुबाई गेली बोंबलत. मी आत जाऊन नागेशला फोन लावला.

"जिता करतो म्हणून गेलास अन् मारून ठेवलास?"

"आत्या, पुढच्या भागात उठतोय तो! आजकाल आधी मारावंच लागतं."

"आग लाव तुझ्या आजकालला!"

लय वेळ झापून बाहेर आले तर अंगण माणसानं भरलेलं! बाया गळ्यात पडून रडायल्या. मला भरून आलं. म्हणलं, माझ्या वीराची या गावाला एवढी किंमत!

"लय मोठा मानूस गेला," भागुबाई म्हणली.

"मोठा? अगं, नुसत्या चाबकानं दरोडेखोरांची टोळी लोळवायचे!"

बाया एकमेकींकडं बघायल्या. "दुःखात मानूस काय बी बोलतं," भागुबाई कुजबुजली अन् पिठलं-भाकरीची पाटी पुढं सरकवली. पिठलं-भाकरी? ती तर मयताच्या घरी आणतात! माझ्या डोक्यात उजेड पडायच्या आधी कोणी तरी तिरडीसाठी बांबू तोडायला गेलंसुद्धा!

तेवढ्यात यष्टीतून हे उतरले. गर्दी बघून टोपी काढली, बाजाराची पिशवी खाली ठेवली अन् गुमान माणसांत जाऊन बसले.

"कोन गेलं हो?"

शेजारी तात्याराव होते. मान वर न करता म्हणले, "कडूबाईचे मालक. गोळी घातली म्हनं."

"आरारा! भला मानूस!" ह्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. मग टिपता टिपता थांबले. छाती चाचपली.

तात्यारावांनी मान वर केली अन् एकच आरडाओरडा! निम्मं गाव गल्लीच्या टोकाला, एक जण तर यष्टीत!

सगळं शांत झाल्यावर हे माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघतच राहिले.

"माझ्यासाठी एवढं रडलीस व्हय गं?"

मी पिठलं-भाकरीची पाटी ह्यांच्या पुढ्यात सरकवली.

तेव्हापासून हे गावभर सांगत हिंडायलेत, बायको असावी तर अशी! मिशी वाढवायलेत, पीळ भरायलेत. काल तर पाल दिसली, केरसुणी घेऊन स्वतः पुढं झाले!

आता मी कोणासाठी रडले ते सांगायचं, तर नावानिशी सांगावं लागतं. अन् नाव घेणारी मी न्हाई.