तेराव्या घराचा ओटा

सांगलीजवळच्या आमच्या सहनिवासातल्या सामाईक स्वयंपाकघराला मागच्या मंगळवारी तेरावं घर झालं. घर सुखरूप होतं. एक खोली, एक खिडकी आणि स्वयंपाकाचा ओटा.

यात नवल काही नाही. मुळात या जागेवर नुसतं स्वयंपाकघरच होतं. नोकरीवरून येऊन पुन्हा एकेकटीनं रांधायला कंटाळलेल्या चार बायकांनी ते बांधलं आणि पाळ्या लावल्या. जेवणं झाली की पेंगुळलेली पोरं घेऊन लांब घरी जायचं सगळ्यांच्या जिवावर यायचं. एका सकाळी मागच्या भिंतीला पहिलं घर आलेलं दिसलं. त्याचा ओटा कृष्णाबाई टिपणीसांच्या कोपराला बरोबर जुळला, म्हणून ते त्यांचं. तेव्हापासून ज्याचा ओटा त्याचं घर, असा नियम आहे.

तेराव्या घरासाठी मात्र कुणाचाच अर्ज नव्हता. आणि न मागता घर होतं ते जुन्या घरात दोघांचं पटेनासं झालं की. बारा घरांपैकी कुठेतरी बिनसलं होतं आणि चिटणिसाला, म्हणजे मला, पत्ता नव्हता. मला सगळ्यांचाच संशय आला. तसा तो नेहमीच येतो. फोडणीच्या वासावरून तेल कुणी जास्त ओतलं ते ओळखणारा इथे मी एकटाच आहे.

टेप घेऊन मी घरोघर फिरलो. लाटकरांच्या सुनेचं कोपर तीन इंच खाली राहिलं.

"जुळलं नाही म्हणून वाईट वाटलं काय हो तुम्हाला?" तिनं विचारलं.

घोरपडे नवरा-बायको एकमेकांकडे बघून हसले. तेही मी टिपून घेतलं.

संध्याकाळी जेवताना मी अहवाल वाचला. "तेवीस जणांची कोपरं मोजली. एकही जुळत नाही. कुणीतरी मुद्दाम वाकून उभं राहिलेलं आहे."

"आपण चोवीस आहोत," माझी बायको नलिनी म्हणाली.

"चोविसावं कोण?"

कृष्णाबाई म्हणाल्या, "चिटणीस, तुम्ही जरा उभे राहून बघा की तिथं."

मी गेलो. मागून सगळे आले. ओटा कोपराला तंतोतंत जुळला.

"मी कुठे वेगळं राहायचं म्हणालो होतो?"

"तुम्ही नाही," नलिनी म्हणाली. "मी म्हणाले होते. सामाईक स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना, एकटीच होते तेव्हा."

मी ओटा पुन्हा एकदा मोजला. मग तेरा नंबरपुढे माझं नाव लिहिलं आणि नियमाप्रमाणे साक्षीदार म्हणून तिची सही घेतली.