पोटावरची रेघ

बारशाला आलेला पाहुणा आधी पाळण्यात डोकावतो, "अगदी आजीवर गेलाय हो" असं काहीतरी ठोकून देतो आणि घुगऱ्यांकडे वळतो. डॉ. माधव आपटीकर आमच्या अभयच्या बारशाला आले तेव्हा त्यांनी पाळण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "वहिनी, बाळाचं मघाचं दुपटं धुतलं का?" असं त्यांनी माझ्या बायकोला, सुमनला, पंधरा-वीस बायकांच्या देखत विचारलं. दुपटं धुवायचं राहिलं होतं. डॉक्टरांनी ते खिडकीशी नेलं, चष्मा कपाळावर चढवून उजेडात निरखलं आणि ओरडले, "पिवळं! एकदम पिवळं! बधाई हो, भिया!" निम्म्या बायकांनी घुगऱ्यांचे द्रोण खाली ठेवले.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी सांगलीहून देवासला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आलो होतो. डॉक्टर शेजारच्या घरात एकटेच राहायचे. मूळचे धारचे. पवार सरदारांबरोबर माळव्यात आलेल्या मंडळींपैकी त्यांचं घराणं. मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरले ते त्यांनाही कळायचं नाही; मला हाकही तिकडचीच, 'भिया', म्हणजे भाऊ. मुलांचे डॉक्टर म्हणून चांगला जम बसला होता. बरोबरीच्यांनी नर्सिंग होमं बांधली, आणि हे छत्तिसाव्या वर्षी दवाखान्याला कुलूप लावून एका मोठ्या शहरातल्या इस्पितळात पुन्हा विद्यार्थी होऊन गेले. दोन वर्षांची फेलोशिप. मुलांचं पोट आणि यकृत, बस्स. माझ्या आईला याचं फार नवल वाटायचं. "डॉक्टर होऊन परत पोट शिकायला गेले? मग आधी काय शिकले होते?" असं ती त्यांना तोंडावर विचारायची. "आधी वरवरचं शिकलो होतो, काकू," म्हणायचे.

तिकडून येताना ते दोन वाक्यं घेऊन आले. पहिलं, "आधी रंग, मग गप्पा." तान्ह्या पोराची शी पांढुरकी झाली, तर पित्त खाली उतरत नाही आणि मग एकेक दिवस मोलाचा, असं त्यांना तिथे शिकवलं होतं. तान्हं मूल कडेवर घेतलेली बाई दिसली की हे भाजीबाजारात, पलीकडच्या फुटपाथवरून विचारणार, "काय हो, रंग कौनसा?" नव्या माणसाला वाटायचं, हे साड्यांचे व्यापारी.

दुसरं वाक्य मात्र ते हळू आवाजात बोलायचे. "संशय आहे, भिया. फक्त संशय." आमच्या भागात दीड-दोन वर्षांची पोरं पोट फुगून जायची. यकृत दगडासारखं घट्ट व्हायचं, औषध लागू पडायचं नाही. कधीकधी एकाच घरात दुसरंही जायचं. डॉक्टरांच्या सरांना असा संशय होता की, कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात तापवलेल्या दुधातून तांबं पोटात जातं आणि यकृतात साठत राहतं. म्हणून बारशाच्या दिवशी दुपटं पाहून झाल्यावर डॉक्टर थेट आमच्या स्वयंपाकघरात घुसले आणि दुधाची पातेली उपडी करून पाहू लागले.

आई म्हणाली, "दुधाला कसली कल्हई? चिंचेची आमटी थोडीच करायचीय त्यात?"

घरोघरी हेच उत्तर मिळायचं. आमटीच्या पातेल्याला आठवणीने कल्हई आणि दुधाच्या पातेलीला चिंच लावून लखलखीत घासणं, ही आपल्या स्वच्छ बायकांची रीत. डॉक्टरांनी पिशवीतून स्टीलचं पातेलं काढून ओट्यावर ठेवलं. बारशाचा आहेर तोच.

आईने ते पातेलं जपून ठेवलं. डॉक्टरांची चाहूल लागली की ते पुढे यायचं. ते गेले की तिच्या सासूबाईंची पितळी पातेली पुन्हा शेगडीवर. मला हे ठाऊक होतं. एवढ्याने काय होतंय, असं वाटून मी गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

अभय आठ महिन्यांचा झाला तेव्हाची सकाळ. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे तळवे चोळून ऊन केले आणि पोराच्या पोटावर खालून वर दोन बोटं सरकवत नेली. बोटं थांबली. तोंडाची बडबडही थांबली.

"यकृताचा काठ लागतोय," ते म्हणाले.

डॉक्टरांनी खिशातलं बॉलपेन काढून अभयच्या पोटावर निळी रेघ ओढली. "घाबरू नका. इतका लागतो या वयात. पण या रेघेच्या खाली यायला नको."

तेवढ्यात आई आतून आली. तिने पितळी पातेली डॉक्टरांच्या पायाशी ठेवली आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता हे तिला फाडून खाणार. पण डॉक्टर तिच्याजवळ खाली बसले. "काकू, तुम्हाला कुठे माहीत होतं? कोणालाच माहीत नव्हतं," असं दोनदा म्हणाले.

त्यानंतर रोज दवाखान्याआधी आमच्याकडे हजेरी. "वहिनी, रेघ पुसलीत तर याद राखा!" सुमन पोराला अंघोळ घालायची ती रेघ सोडून. अभयच्या पोटावर मळाचा एक पट्टाच तयार झाला. दिवसभर रेघा मारून पोट भरणारा मी, पण ऑफिसात माझ्या रेघा चुकायला लागल्या. रात्री पाहिलेला काठ सकाळी खाली आला असेल का, एवढंच डोक्यात.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "रविवारी धारला चला. आईला तुमचं बाळ पाहायचंय." बसमध्ये मात्र ते बेचैन होते. इंदूर मागे पडल्यावर माझ्या कानाशी लागले, "भिया, आईसमोर पातेलीचा विषय नको. शपथ घ्या." सगळ्या देवासच्या स्वयंपाकघरांत धाड घालणारा हा माणूस आईला इतका घाबरतो, याचं मला हसू आलं.

मुंज तलावाजवळ दोन खोल्यांचं घर होतं. डॉक्टरांची आई सत्तरीची, चुणचुणीत. "ये गो, दमली असशील," म्हणत तिने सुमनकडून अभयला घेतलं, मांडीवर आडवं केलं आणि शेगडीवरचं दूध बोंडल्यात ओतलं. शेगडीवरची पातेली पितळेची होती. आतून सोन्यासारखी लखलखत होती.

सुमनने माझा दंड घट्ट धरला. शपथ गेली खड्ड्यात, म्हणून मी तोंड उघडणार, तोच डॉक्टरांनी झडप घालून आईच्या हातातलं बोंडलं हिसकावलं आणि त्याच्या चोचीला तोंड लावून सगळं दूध पिऊन टाकलं.

"अरे मेल्या! लेकराच्या तोंडचं दूध पितोस? चाळिशी आली की रे तुझी!"

"भूक लागली, आई."

तिने पुन्हा भरलं. त्यांनी पुन्हा प्यायलं. मिशांना साय लागली होती. तिसऱ्यांदा तिने कपाळावर हात मारला आणि हसत हसत डोळे पुसले.

"लहानपणीही असाच," ती सुमनला सांगू लागली. "धाकट्याचं बोंडलं पळवायचा. ह्याच्या पाठचा बाळू गो. पावणेदोन वर्षांचा होऊन गेला. पोट हे एवढं फुगलेलं. शेवटी शेवटी काही म्हणता काही घेईना, पण ह्या पातेलीतलं दूध तेवढं माझ्या हातून घ्यायचा. म्हणून ही टाकवत नाही मला. बाकी काही करता आलं नाही, पण दूध मी त्याला एक दिवस कमी पडू दिलं नाही."

डॉक्टर रिकामं बोंडलं हातात धरून उभे होते. "हो आई," ते म्हणाले. "कधीच कमी पडू दिलं नाहीस."

परतीच्या बसमध्ये अभय त्यांच्याच मांडीवर झोपला. मी म्हणालो, "डॉक्टर, पण हे नक्की कुठे ठरलंय? संशयच आहे ना अजून?"

त्यांनी अभयला मांडीवर नीट सरकवून घेतलं.

"ठरायला पाहिजे, भिया. किती पोरं वाचतील. दोन वर्षं मी तिथे त्यासाठीच राहिलो." मग आवाज उतरला. "फक्त तिच्या कानावर जायला नको."

त्यांनी तळवे चोळून ऊन केले आणि अभयच्या झबल्याखाली दोन बोटं सरकवली. "रेघेच्या वर आहे," म्हणाले. सुमन रडायलाच लागली. माझाही जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी मात्र इंदूर येईपर्यंत त्या पोटावरची बोटं काढली नाहीत.