एका बोटाचा रामराम

२०१८ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि आयर्लंडात मला माझ्याइतका हट्टी असा एकच माणूस भेटला. डॉक्टर केळकर. गाडी चालवताना समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हा माणूस एक बोट दाखवायचा. हात स्टिअरिंगवरून हलायचा नाही. फक्त पहिलं बोट उभं राहायचं आणि परत खाली बसायचं. मी प्रथम पाहिलं तेव्हा वाटलं, बोटाला काही दुखणं असेल. स्वतः डॉक्टर आहेत, बघतील.

माझा मुलगा स्लायगोच्या इस्पितळात डॉक्टर आणि केळकर त्याचे वरिष्ठ. मूळचे पुण्याचे, पण तिकडेच केस पांढरे झालेले. बायको तीन वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे आणि माझ्या हातची लसणीची चटणी डबा भरून न्यायचे. कशाचंही त्यांचं उत्तर एकच, ‘ग्रँड’. तिकडे ग्रँड म्हणजे बरं आहे, चाललंय. चटणी ग्रँड, पाऊस ग्रँड, पेशंटचा पाय मोडला तरी तो ग्रँड.

बोटाचं मी एकदा विचारलंच. “डॉक्टर, ही माणसं ओळखीची का?”

“नाही हो आबा. हा इकडचा रामराम. एक बोट म्हणजे जाता जाता. दोन बोटं म्हणजे तुमची गाडी ओळखतो. चारही उचलली, तर थांबून चहाला या म्हणतोय.”

“आमच्या वाळव्यात अनोळखी माणसाला बोट दाखवलं तर चहा नाही, मार मिळतो.”

“तुम्ही एकदा करून बघा.”

“मी करणार नाही,” मी म्हणालो. गावात माझी पिठाची गिरणी होती. माणसं आधी मला रामराम घालायची, मग दळण ठेवायची. आधी मी कुणाला घातला नाही.

त्या हिवाळ्यात माझी लेक तिच्या घरी, शंभरेक किलोमीटरवर लेटरकेनीला, बाळंत झाली. आमची मंडळी आधीच तिच्याकडे गेलेली. बाराव्या दिवशी बारसं. आणि आजोळची कुंची राहिली माझ्या बॅगेत. माझ्या आईनं शिवलेली, माझी सगळी मुलं तीच घालून पाळण्यात निजली. नेमका त्याच दिवशी बर्फ पडला. मुलगा ड्युटीवर निघताना म्हणाला, “बाबा, टीव्हीवर सांगतायत, बाहेर पडू नका. रविवारी करू बारसं.”

“बारसं बाराव्या दिवशी असतं. टीव्हीला विचारून ठेवत नाहीत.”

“आणि जाणार कसे?”

“चालत.”

त्यानं डोक्याला हात लावला आणि केळकरांना फोन केला. मला समजवायला केला होता. पण केळकर आले ते गाडीत खोरं, दोर आणि थर्मास टाकूनच. “चला आबा. होईल ग्रँड.”

डोनेगल गावापर्यंत रस्ता बरा होता. गाड्या तुरळक, पण प्रत्येकीला बोट मिळालं. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या ट्रकला तर दोन. पुढे बार्न्समोरची खिंड लागली. दोन्हीकडे डोंगर, खालपासून वरपर्यंत पांढरे. बर्फाचा डोंगर मी जन्मात पाहिला नव्हता, पण ते डॉक्टरांना कळू दिलं नाही. “आमचा कुंभार्ली घाट याच्यापेक्षा उंच,” एवढंच म्हणालो.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डॉक्टरांचं बोट स्टिअरिंगवर उगीच टकटक करत होतं, तंबाखूची तल्लफ आलेल्या माणसासारखं.

मग एका फाटकाशी टोपी घातलेला माणूस उभा दिसला. डॉक्टरांचा चेहरा उजळला. बोट वर गेलं. त्या माणसानं काहीच केलं नाही. मी म्हणालो, “डॉक्टर, तो बर्फाचा आहे.” पोरांनी केलेला, गाजराचं नाक लावलेला. पण त्यानं उत्तर का दिलं नाही म्हणून डॉक्टर मान वळवून बघत राहिले, आणि गाडी घसरत जाऊन चर्रकन चरात बसली.

खोरं चालवून झालं, चाकाखाली पोतं घालून झालं. चाक जागीच फिरत होतं. मी कुंची कोटाच्या आत छातीशी धरून उभा राहिलो. तिकडे पाळण्याला फुलं बांधून झाली असतील, आणि मी इथे बर्फाच्या गड्याशेजारी दुसरा गडी. पण म्हटलं, आता चालत जावं लागलं तरी जायचं.

तेवढ्यात एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. चेहरा लाल, हात फावड्याएवढे. न विचारता दोर बांधला आणि गाडी ओढून काढली. मग डॉक्टरांशी दोन शब्द बोलला. डॉक्टर हसून काहीतरी म्हणाले, त्यातला ग्रँड तेवढा मला कळला. ट्रॅक्टर निघाला. जाताना त्यानं चारही बोटं उचलली.

गाडीत बसल्यावर डॉक्टरांनी किल्ली फिरवली नाही.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“गाडी ओळखली म्हणाला. मी दर आठवड्याला इथून ओपीडीला जातो ना. विचारत होता, शेजारी बसायच्या त्या बाई दोन-तीन वर्षांत दिसल्या नाहीत, बऱ्या आहेत ना.”

“मग?”

“म्हटलं, ग्रँड आहे.”

मी कोटातली कुंची काढून मांडीवर घेतली.

“बोट ती उचलायची, आबा. मी नाही. तुम्ही बसलात ना, तिथून. मी तिला हसायचो, सगळ्या जिल्ह्याची पाटलीण म्हणायचो. ती गेल्यावर पहिल्यांदा कामावर निघालो, तर समोरून पोस्टाची गाडी आली. त्यानं बोट वर केलं. आता इकडून कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.”

एवढं बोलून त्यांनी गाडी सुरू केली.

लेटरकेनीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. पाळणा तसाच थांबला होता. “या, उगवलात,” आमची मंडळी म्हणाली आणि माझ्या हातून कुंची ओढून घेतली. नातीचं नाव ठेवलं, तोवर मी तिला नीट पाहिलंही नव्हतं. घुगऱ्या खाऊन केळकर म्हणाले, ग्रँड.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं परत निघालो. खिंडीत ऊन पडलं होतं. समोरून पोस्टाची हिरवी गाडी आली. मी डाव्या सीटवर नीट बसलो आणि पहिलं बोट वर केलं. डॉक्टरांनी त्यांचं खालीच ठेवलं.