कपाटाचे विस्थापन

भौतिकशास्त्र अवघड असतं, ही शिक्षकांनी पोटापाण्यासाठी उठवलेली आवई आहे. माझ्या लेकीच्या नववीच्या पुस्तकात बल, कार्य, ऊर्जा आणि शक्ती अशी चार माणसं राहतात आणि तिला त्यांतलं कोण कोणाचं काय लागतं तेच कळेना. मी बाह्या सरसावल्या. "मीट ते पुस्तक! दहा मिनिटांत शिकवतो. प्रात्यक्षिकासह!"

प्रात्यक्षिकाला मी पुस्तकांचं लाकडी कपाट निवडलं. बैठकीतलं ते धूड झोपायच्या खोलीत न्यायचं दीड वर्षापासून चाललं होतं. एका दगडात दोन पक्षी! आधी ते रिकामं करावं, असं काही मला वाटलं नाही. कपाट रिकामं करून हलवणं हे ज्यांना विज्ञान येत नाही त्यांचं काम.

खोलीत बायको तयार होत होती. सहा वर्षं वाट पाहून तिला बढतीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. वेळ साडेदहाची, टॅक्सी खाली येऊन उभी. कपाट दाराशी पोचेपर्यंत ती बाहेर पडलेली असेल, असा माझा अंदाज.

"हे बघ, मी लावतोय ते बल. कपाट सरकलं की झालं कार्य!"

आणि सरकलं की हो! थेट दारापर्यंत गेलं, अर्धं दारात शिरलं आणि घशात अडकलेल्या गोळीसारखं उंबरठ्यावर बसलं. ना आत, ना बाहेर!

"अरे, हे काय आता? मी बाहेर कशी येऊ?" आतून आवाज आला.

"आलोच!" मी म्हणालो. कुठून, ते मलाही माहीत नव्हतं.

मग तीनशे पुस्तकांतून गाळून आज्ञा आली, "ढकल ते!"

लग्नाला अठरा वर्षं झालेला नवरा अशा आज्ञेचं व्याकरण तपासत नाही. मी ढकललं. कपाट ढिम्म! खांदा लावला. ढिम्म! पुन्हा आतून, जरा चिडून, "ढकल ते!" मी जीव खाऊन रेटलं, तशी कपाटावरची सुटकेस खाली आली.

"बाबा, तिच्यात स्थितिज ऊर्जा होती ना?"

होती. आता ती गतिज होऊन माझ्या खांद्यात शिरली होती.

खाली टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून बसला. दहा वाजून गेले. बायकोचा आवाज रडवेला व्हायला लागला आणि मला दरदरून घाम फुटला. लेक मात्र पट्टी घेऊन जमिनीवर पसरली.

"विस्थापन शून्य. म्हणजे तू कार्य केलंच नाहीस, बाबा."

"अगं, घामाघूम झालोय मी!"

"घाम सूत्रात नाहीये."

तिनं कपाटाखालच्या फटीला कान लावला आणि ताडकन उठून बसली. "बाबा, थांब! आई 'ढकल ते' म्हणत नाहीये. 'मी ढकलते' म्हणतेय! एकच शब्द!"

म्हणजे गेली दहा मिनिटं मी बाहेरून आणि ती आतून... हा विचार पुरा व्हायच्या आत बायकोनं पलंगाला पाठ टेकवून दोन्ही पाय कपाटाला लावले असावेत. कपाट आलं! मी अजून रेटतच होतो, त्यामुळे मीही आलो. मागे मागे घसरत थेट समोरच्या भिंतीपर्यंत!

"तीन सेकंद!" लेक ओरडली. "कार्य भागिले वेळ! आईची शक्ती बघ!"

दार आणि कपाट यांच्यामधल्या फटीतून बायको बाहेर आली. बाहीवरची धूळ झटकत तिनं भिंतीला चिकटलेल्या माझ्याकडे पाहिलं. "काय चाललं होतं?"

"हिला कार्य शिकवत होतो," मी म्हणालो आणि लेकीकडे वळलो. "आता तरी माझं कार्य शून्य नाही ना?"

"नाही. तू ढकललंस तिकडे आणि कपाट गेलं इकडे." तिनं वहीत एक आडवी रेघ मारली. "ऋण आहे."

बायको जिना उतरून धावत सुटली.

संध्याकाळी ती बढती घेऊनच आली. मी अभिमानानं विचारलं, "काय काय विचारलं गं?"

"बाकी सगळं नेहमीचंच. शेवटी साहेब म्हणाले, जबाबदारी वाढेल, घरून सहकार्य आहे ना?"

"मग? काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. म्हटलं, भरपूर आहे. पण ऋण."