बाविसावा फ्यूज

गाडीचा रेडिओ आपण स्वतःच दुरुस्त करायचा, असं मी रविवारी सकाळी चहा पिताना ठरवलं. (चहा पिताना मी बरंच काही ठरवतो. म्हणून तर बायको मला दुसरा कप देत नाही.)

गाडी एकोणीस वर्षांची. तिची चारही दारं लागतात, पण एका वेळी तीनच. रेडिओ मात्र ठणठणीत होता. सहा महिन्यांपूर्वी सासऱ्यांना त्यांच्या घरी सोडायला निघालो, वाटेत चहाला थांबलो, परत येऊन बसलो तर रेडिओ मुका. सासरे वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्या दिवसापासून गाडीत बसले की ते जळालेल्या ट्रान्सफॉर्मरची गोष्ट सांगतात. आज दुपारी दोनला त्यांना पुन्हा सोडायचं होतं. चार तासांचा रस्ता. माणूस फार चांगला हो, पण आणखी चार तास तो ट्रान्सफॉर्मर जळताना ऐकायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

ते अंगणातच खुर्ची टाकून बसले होते. त्यांना विचारायला काय हरकत होती? पण विचारलं असतं तर ट्रान्सफॉर्मर निघाला असता.

फ्यूज गंजले असतील असं निदान करून मी सगळेच्या सगळे उपटले (आधी मोजावेत, हे सुचलं नाही), बॉनेटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडले आणि घासायला जुना टूथब्रश आणायला आत गेलो. परत आलो तर बायको वर्तमानपत्र झटकत होती.

"अहो, आजचं शब्दकोडं यातच आहे ना?"

"फ्यूज!"

"कसले फ्यूज?"

"त्या पेपरवर होते ते!"

"अगंबाई! मला वाटलं कचरा."

पुढचे दोन तास मी कुंड्यांमागे, पायपुसण्याखाली आणि गटाराच्या जाळीवर रांगत होतो. सासरे खुर्चीतून शांतपणे सांगायचे, "जावईबापू, डाव्या चाकामागे एक दिसतोय."

एकवीस सापडले. डब्याच्या झाकणावरच्या नकाशात बावीस होते. म्हणजे एक हरवला, तोही पंधरा अँपिअरचा, निळा. शेवटी एक पंधराचा फ्यूज हातात उरला आणि त्याला उमेदवार दोन, हॉर्न आणि रेडिओ. मी तो रेडिओला लावला. गाणं लागलं! आनंदाच्या भरात मीही दोन ओळी म्हटल्या. सासरे उठून घरात गेले.

बायकोने नेमका हॉर्न दाबून पाहिला. "हा वाजत नाहीये."

"लागलंच तर खिडकीतून ओरडेन."

"तुमच्या ओरडण्याने घरात कोणी हलत नाही, रस्त्यात कोण हलणार?"

रविवार, त्यामुळे दुकानं बंद. मी जड हाताने फ्यूज काढून हॉर्नला लावला.

दोनला निघालो, सासरे शेजारी आणि बायको मागे. कोपऱ्यावर वळायच्या आत ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला. तासाभराने, गोष्टीतलं तेल उकळायला लागलं त्या जागी, सासऱ्यांना ठसका लागला आणि त्यांचा आवाजच बसला. गाडीत शांतता पसरली. शांतता मिळाली की मी गुणगुणतो, सवयच आहे.

सासऱ्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, उघडली आणि त्यातून एक निळा फ्यूज काढून माझ्यापुढे धरला.

"बाबा! हा कुठे सापडला?" मी ओरडलो.

"सापडला कुठला? मागच्या खेपेला तुम्ही चहाचे पैसे द्यायला गेलात, तेव्हा मीच काढला," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुम्ही रेडिओबरोबर गात होतात."

मी आरशात बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहायला लागली. म्हणजे हिलाही माहीत होतं.

"पण रेडिओ गेला तरी तुमचं गाणं थांबेना. मग मला बोलत राहावं लागलं. मला काय हौस आहे? त्या ट्रान्सफॉर्मरचा मलाही कंटाळा आलाय हो!"

मी गाडी कडेला घेतली आणि फ्यूज बसवायला वाकलो.

"लावा तो रेडिओ," सासरे म्हणाले, "आणि आवाज चांगला मोठा ठेवा. म्हणजे तुमचा ऐकू यायचा नाही."